जिजाआयची सीडी

हरेशच्या कानांबद्दल गावात दोन मतं होती. काही जण म्हणायचे, ठार बहिरा आहे, हाका मारून आपला घसा बसला तरी वळून बघायचा नाही. काही म्हणायचे, एवढा तिखट कान अख्ख्या खाडीपट्ट्यात कुणाचा नाही. दोन्ही खरं होतं. बोलणाऱ्या माणसाकडे त्याचं लक्ष नसे आणि आवाजाकडे असे, एवढाच काय तो घोळ.

नायगाव स्टेशनच्या पूर्वेला टॉवरांची जी नवी गर्दी झाली आहे, तिच्या मागे खाडीच्या अंगाला आमचं आगऱ्यांचं गाव आहे. हरेशच्या घरची भातशेती त्या टॉवरांखाली गेली. जमिनीचे पैसे आले तेव्हा कुणी गाड्या उडवल्या, कुणी बायकांना सोन्याने मढवलं. या बाबाने लाउडस्पीकर घेतले आणि लग्नाच्या हळदीला आवाज लावायचा धंदा सुरू केला. आता आमच्याकडची हळद म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. मांडवात उभं राहिलं की छातीचं हाड हलतं. शेजारच्या टॉवरांतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, वरची मंडळी बाल्कनीत येऊन हातवारे करतात, आणि खाली कुणाचं काही चालत नाही. त्या आवाजाचा मालक म्हणजे हरेश.

घरातला हरेश मात्र निराळाच. माडीवरची एक खोली त्याने आवाज ऐकण्यासाठी राखून ठेवली होती. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला जाड पडदे, समोर लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर आणि मधे एका फळीवर त्याचा जपानी सीडी प्लेअर. लोखंडी पेटीसारखा जड. त्याला कुणी हात लावलेला हरेशला खपत नसे. बायकोने एकदा फडक्याने पुसला तर दोन दिवस तोंड फुगवून बसला होता. ऐकायचा वार रविवार, कारण इतर दिवशी टॉवरांच्या पायलिंगची धाडधाड चालू असते आणि रविवारी ती मशीन झोपलेली असते.

रविवारी टॉवरातून सदानंदकाका यायचे. मूळचे कोकणातले, नोकरी मुंबईत, रिटायर झाल्यावर इथे चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिलेले. एका हळदीच्या आवाजाची तक्रार करायला म्हणून खाली उतरले आणि हरेशच्या माडीवर चहा पिऊन वर गेले, तेव्हापासून दोस्ती. बसले की भांडण ठरलेलं. काकांचं म्हणणं, मोबाइलवर आता उत्तम प्रतीची गाणी मिळतात, सीडीत जेवढं आहे तेवढं सगळं फाइलमध्ये असतं, एक कण कमी नाही. मग ही चकती फिरवायची हौस कशाला? हरेशचं म्हणणं, असेलही कण न् कण, पण एमपी३ने लोकांची सवय नासवली. गाणं छोट्या पिशवीत कोंबायचं म्हणून त्यातलं जे सहसा कुणाला ऐकू येत नाही ते काढून टाकायचं, असला तो कारभार. "सहसा कुणाला म्हणजे कुणाला? मला विचारलं होतं का?" असं तो अगदी तावातावाने विचारायचा, जणू काही काकांनीच काढून टाकलं होतं.

मग परीक्षा. काकांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, एकच गाणं आधी फाइलवरून, मग सीडीवरून लावायचं आणि ओळखायला सांगायचं. काका चुकले की हरेश खूश. हरेशची पाळी आली आणि तो चुकला की वायर बदलून पुन्हा परीक्षा. हसू नका, या खेळात दोघांचे कितीतरी रविवार सुखात गेले.

पण खरी परीक्षा घ्यायची ती प्लेअरची, आणि तिच्यासाठी हरेशकडे एकच सीडी होती. नवा प्लेअर कुणी आणला, वसईतल्या दुकानात एखादा जुना बघायला गेला, तर तो ही सीडी रुमालात गुंडाळून घेऊन जायचा. त्याच्या आईने, जिजाआयने, गायलेला धवला. धवला म्हणजे आमच्या लग्नातली विधीची गाणी, आणि ती गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीन. भटजी असतोच, पण धवलारीन गायली नाही तर आमच्या जुन्या माणसांना लग्न झाल्यासारखं वाटत नाही. जिजाआय ही आमच्या गावची धवलारीन. ही सीडी हरेशने स्वतः भरली होती, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रीमाच्या हळदीला. आईच्या तोंडापुढे चांगला माइक लावून, बाकी सगळे स्पीकर बंद ठेवून, पोरांना दमात घेऊन.

"मूळ आवाज मला माहितेय," तो काकांना सांगायचा. "मी तिथे होतो. म्हणून ही सीडी खोटं बोलणाऱ्या प्लेअरला लगेच पकडते."

त्या सीडीत तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. जिजाआय श्वास घ्यायला थांबते आणि तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजतं. चार-दोन शब्द. लोकांच्या मोबाइलवर जी एमपी३ फिरत होती तिच्यात ती कुजबूज सफाचट. साध्या प्लेअरवर नुसती हवा हलल्यासारखी. जपानी प्लेअरवर ती डावीकडून, हाताच्या अंतरावरून यायची. हरेश बोट वर करून थांबायचा. "हा! हा पॉइंट. इथे प्लेअर पास नाहीतर नापास."

"कोण आहे हो ती?" काकांनी एकदा विचारलं.

"रीमा असणार. ती आईच्या डाव्या हाताला बसलेली."

"आणि म्हणते काय?"

"ते काय माहीत. पण डावीकडून येते ते बघा ना, किती क्लिअर."

काकांनी डोळ्यांवरचा टॉवेल काढला आणि त्याच्याकडे बघितलं. कारण रीमा आता नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोरगी गेली.

आता याला काय म्हणावं! सख्खी बहीण, आणि हा तिच्या कुजबुजीवर प्लेअर पास-नापास करतोय. पण दगड नव्हता हो तो. लग्नाचा व्हिडिओ त्याने कधी लावला नाही, अल्बम माळ्यावर टाकला. रीमाचं काही सहन होत नव्हतं त्याला. ही सीडी तेवढी तो ऐकू शके, आणि तीसुद्धा माइक, आवाजाची धार, डावं-उजवं असलं काहीतरी बघत बसला तरच. तो तिला असाच भेटायचा. मला त्याची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

राग का येतो ते सांगतो. लग्न झाल्यावर हौसेने त्याने त्या सीडीच्या प्रती काढल्या आणि भावकीत घरोघर वाटल्या. त्यातली एक कुणीतरी मोबाइलच्या दुकानात नेऊन एमपी३ करून आणली. दुकानाच्या पोराने जागा वाचवायला पार पिळून काढली. ती या पेनड्राइव्हमधून त्या पेनड्राइव्हमध्ये गेली, सगळ्या साउंडवाल्यांकडे पोचली. तोवर पट्ट्यातल्या म्हाताऱ्या धवलारिनी एकेक करून गेल्या होत्या. नव्या पोरींना धवला येत नाही. आणि रीमा गेल्यावर जिजाआयने तोंड मिटलं ते मिटलंच. बोलवायला लोक यायचे, पाया पडायचे. ती मान हलवायची आणि आत जायची. मग लोक म्हणायला लागले, आय येत नाही तर नाही, जिजाआयची सीडी लावा.

घोळ असा, की धवल्यात नवरीचं नाव घेतात. फिरून फिरून घेतात. जिवंत बाई गात असेल तर ज्या घरी जाईल त्या घरच्या पोरीचं नाव घालते. मशीनला कोण सांगणार? नायगावपासून पार अर्नाळ्यापर्यंत कुणाच्याही पोरीची हळद असो, स्पीकरमधून जिजाआय गायची ती रीमाला हळद लागल्याचं. आधी आधी लोक दचकले. मग कुणी लक्ष देईना, त्या गदारोळात शब्द ऐकतो कोण? मांडवातल्या बायका सीडीच्या मागोमाग गायला लागल्या. लहान पोरींना तर वाटायचं, रीमा म्हणजेच नवरी. भातुकलीत बाहुलीचं लग्न लावताना त्या तेच नाव घ्यायच्या.

आणि हरेश? हरेश भांडला. नाही असं नाही. दुसऱ्या साउंडवाल्याच्या मांडवात घुसून तो ओरडला होता, "अरे १२८च्या पिळलेल्या एमपी३वर आईचा आवाज लावता? पत्र्याचा डबा वाजतोय! माझ्याकडून सीडी न्या, फुकट देतो!" हे त्याचं भांडण. नावाबद्दल अवाक्षर नाही. स्वतःच्या धंद्यात तो ती सीडी लावत नसे एवढंच, पण का लावत नाही हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

तिकडे घरात लग्नसराईच्या दिवसांत भर उन्हाळ्याची जिजाआय खाडीकडची खिडकी लावून घ्यायची. भातखाचरं गेली तरी खाडीवरून आवाज लांबून येतो. सुनेने विचारलं तर म्हणायची, डास येतात. दुपारी बाराला कसले डास? पण विचारणार कोण. रीमा गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. फोटोला हार घालतानाही नाही.

यंदा हरेशच्या मुलीचं, तेजस्वीचं, लग्न ठरलं. रीमाच्या लग्नात ही एवढीशी करवली होती, आत्याच्या पदराला धरून फिरणारी. आता बँकेत नोकरीला लागलेली, स्वतःचा नवरा स्वतः पसंत केलेली. मुलगा आपल्यातलाच, पलीकडच्या गावचा. त्याच्या आजीने एकच गोष्ट मागितली: हळदीला धवला हवा. तेजस्वीलाही हवा होता. पण तिची एक अट होती. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, सगळ्या मैत्रिणींच्या हळदीला आत्याचं नाव ऐकलंय मी. माझ्या हळदीला माझं नाव पाहिजे. एकदा तरी."

पोरीने आयुष्यात बापाकडे काही मागितलं असेल तर एवढंच. हरेश म्हणाला, "होणार. तुझं नाव येणार. आवाजाचं काम तुझ्या बापाकडे आहे."

आधी तो आईकडे गेला. जिजाआय ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. "आये, तेजूच्या हळदीला गाशील ना?" तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "तुजी सीडी हाय ना," ती म्हणाली. "ती गाते बरी." एवढ्यावर विषय संपला.

मग त्याने ठरवलं, सीडीतूनच रीमाचं नाव कापायचं. जिथे जिथे नाव आहे तिथे रिकामी जागा सोडायची, आणि त्या जागेत मांडवातल्या बायकांनी तेजस्वीचं नाव घ्यायचं. कल्पना वाईट नव्हती. सदानंदकाका म्हणाले, "एमपी३ आहे ना सगळ्यांकडे, तीच काप." हरेश भडकला. "माझ्या पोरीच्या लग्नात तो पत्र्याचा डबा? आणि त्यात नाव मागच्या बायकांच्या आवाजात मिसळलंय, लगदा झालाय नुसता. मूळ सीडीत नाव मोकळं आहे. दोन्ही बाजूंना श्वास आहे. सुरी घालायला जागा आहे."

रुमालातून सीडी काढली, जपानी प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने ती फिरवली, थोडा विचार केला आणि पडद्यावर अक्षरं दाखवली: डिस्क नाही. पुन्हा घातली. डिस्क नाही. बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा हरेशचा चेहरा उतरला. खारट हवेने वरचा चंदेरी थर पोपडा धरून सुटला होता, मधे मधे सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यातून आभाळ दिसत होतं. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने ती लावलीच नव्हती. भावकीतल्या प्रतींची चौकशी केली तर कुणाची फुटली, कुणाची पोराबाळांनी खेळायला घेतली. एकीची तर परसातल्या वांग्यांवरचे पक्षी हाकलायला दोरीने टांगलेली सापडली.

"मी म्हणत होतो, फाइल करून ठेव," काका म्हणाले.

"मूळ वस्तू हातात असताना फाइल कशाला करायची, काका?" हरेश म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. माइकचं मूळ रेकॉर्डिंग त्याने त्याच वर्षी पुढच्या लग्नाच्या वेळी पुसून टाकलं होतं.

काकांना एक आठवलं. खाली हॉलमध्ये टीव्हीखाली एक जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडला होता. हरेश त्याला भंगार म्हणायचा. पण या स्वस्तातल्या मशीनना स्वाभिमान नसतो, चरे पडलेलं, भोकं पडलेलं काहीही पुढ्यात टाका, गिळतात. वाचता आलं नाही तिथे अंदाजाने भरून पुढे जातात. चांगला प्लेअर रुसून बसतो. जन्मभर ज्याची हेटाळणी केली त्याच्याच पायाशी हरेशला बसावं लागलं. जिजाआय गावदेवीच्या देवळात गेली आहे अशी खात्री करून त्याने सीडी आत सरकवली, रेकॉर्डर जोडला, बटण दाबलं.

आणि ती लागली. कुठे कुठे खडा लागल्यासारखी अडखळली, पण लागली. तेव्हाच्या जिजाआयचा खणखणीत आवाज हॉलभर पसरला. हरेश फरशीवर मांडी घालून बसला होता, काका सोफ्यावर. तिसऱ्या गाण्यात ती जागा आली. कुजबूज. या भंगारावर ती अगदी पुसट होती, आणि हरेश सवयीने पुटपुटला, "बघा, नापास."

"'थांब' असा बोलते ती."

दारात जिजाआय उभी होती. हातात देवळातला नारळ. कधी आली कळलं नाही. हरेश गडबडून उठायला गेला, तिने हाताने बस म्हटलं.

"'आये, आता पुरे, थांब. घसा बसंल तुजा.' असा बोल्ली ती मना." जिजाआयचा आवाज सपाट होता. "मी थांबले नाय. पोरीची हलद, आनि मी थांबू? गातच रायले. मंग ती गेली, तवा मना तेच आठवलं. म्हनून थांबलेय आता."

इतकी वर्षं हे वाक्य हरेशच्या खोलीत वाजत होतं. किती प्लेअर त्याने यावर पारखले होते!

"आये, मला... मला कळलंच नाही गं."

"तुना कसा कलंल? तू आवाज ऐकत व्हतास." तिने नारळ टीव्हीवर ठेवला. "काय करतंस हे?"

त्याने सांगितलं. तेजूसाठी नाव कापतोय. तिने टीव्हीखालच्या त्या पेटीकडे बघितलं. सीडी गात होती.

"काप," ती म्हणाली. "सगल्या ठिकानी काप." आणि आत निघून गेली. काका उठले, चपला घातल्या आणि गेले.

हरेशने कापलं. कानाला हेडफोन लावून, एकेक नाव शोधून. इतकं सफाईदार काम त्याने धंद्यात कधी केलं नव्हतं. श्वास शाबूत, ठेका शाबूत, मधलं नाव तेवढं गेलेलं. प्रत्येक वेळी कापताना ते नाव त्याला आधी ऐकावं लागत होतं आणि या वेळी त्याला डावं-उजवं काही ऐकू येत नव्हतं. बहीण ऐकू येत होती. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा तो हेडफोन लावून ढसाढसा रडत होता. ती तशीच मागे फिरली. कुजबूज मात्र त्याने कापली नाही, राहू दिली.

हळदीच्या आधी त्याने भावकीतल्या बायकांना ओसरीवर जमवून नीट समजावलं. "गाण्यात मधे मधे रिकामी जागा येईल. तिथे तेजस्वीचं नाव घ्यायचं. विसरू नका." बायका हसल्या. "अरे हो रे बाबा, विसरतो कशा? आमचीच पोर हाय." दोन वेळा सरावही झाला. ठीक झाला.

हळदीचा दिवस. संध्याकाळी मांडव गच्च भरला. मुलाकडून हळद घेऊन त्याची आजी आणि बाया आल्या, त्यांना पुढे बसवलं. तेजस्वी पाटावर, अंगभर पिवळी, डोळे खाली. जिजाआय भिंतीला टेकून मागे बसली होती, सुनेने हाताला धरून आणलं म्हणून आलेली. हरेश मिक्सरपाशी. त्याने सगळे मोठे स्पीकर बंद ठेवले होते, माडीवरचे दोन लाकडी स्पीकर खाली आणून लावले होते. मांडवात चक्क शांतता. आमच्या गावात अशी हळद कुणी पाहिली नव्हती. त्याने बटण दाबलं.

जिजाआयचा आवाज आला. देवांना बोलावणं झालं, खाडीला झालं, गावदेवीला झालं. मग नवरीला हळद लागली, आणि पहिली रिकामी जागा आली.

"रीमा," मांडव म्हणाला.

एका सुरात, पन्नास बायका. सराव, समजावणं, सगळं गेलं कुठच्या कुठे. इतक्या लग्नांत ओठांना जे वळण पडलं होतं ते पडलं होतं. जागा मोकळी दिसताच ओठांनी आपणहून ती भरली. आणि या वेळी गदारोळ नव्हता, मोठे स्पीकर नव्हते. ते नाव स्वच्छ, कोरं, एकेकीला ऐकू गेलं. तेजस्वीने मान वर केली.

बायकांनी तोंडावर हात धरले. दुसरी जागा आली तेव्हा कुणीच काही बोललं नाही. तेजस्वीचं नाव घ्यायचंही भान राहिलं नाही कुणाला, उगाच तोंडातून पुन्हा भलतं निघायचं म्हणून सगळ्या दातांवर दात धरून बसल्या. ती जागा तशीच रिकामी गेली. हरेश मिक्सरमागून हातवारे करत होता, ओठ हलवून नाव दाखवत होता, ते-ज-स्वी. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तिसरी जागा आली.

"रीमा."

एकटा, फाटका, खरखरीत आवाज. भिंतीपाशी जिजाआय उभी राहिली होती. डोळे मिटलेले. सीडी पुढे सरकली, तीही तिच्याबरोबर सरकली, आणि मग तिचा ठेका सीडीच्या पुढे गेला. हरेशने व्हॉल्यूमची पट्टी खाली ओढली. सीडीतली जिजाआय गप्प झाली आणि म्हातारी गात राहिली. दम पुरत नव्हता. ओळ मधेच तुटायची, ती थुंकी गिळायची, पुन्हा धरायची. दर खेपेला नावाची जागा आली की तेच नाव. सगळा धवला तिने म्हटला, हळदीचा, तांदळाचा, पाठवणीचा, आणि शेवटपर्यंत तिची नवरी रीमाच होती. मेलेल्या पोरीचं नाव हळदीच्या पाटावर! मुलाच्या आजीने आधी कपाळाला हात लावला, शेजारणीच्या कानाशी लागली. मग तीही गप्प बसली. त्या बाईला थांब म्हणायची छाती कुणाची झाली नाही. एकदाच कुणीतरी तिला थांब म्हटलं होतं.

गाणं संपलं तशी जिजाआय जिथे उभी होती तिथेच खाली बसली. सुनेने तिला पाणी पाजलं. कुणीतरी घाईघाईने पोरांना खूण केली आणि बाहेरून ढोल सुरू झाले, लोक एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले, जेवणाच्या पंगती लागल्या.

हरेश मिक्सरच्या वायरी गुंडाळत बसला होता. तेजस्वी पाटावरून उठून त्याच्यापाशी आली. हळद वाळून गालावर तडकली होती. त्याला वाटलं पोरगी रागावेल, ओरडेल. तिने त्याच्या खांद्यावर पिवळा हात ठेवला.

"आजीला काही बोलू नका हां," ती म्हणाली. "पण पप्पा, माझं नाव एकदाही नाही आलं."